कॅसेटवर नाव कुणाचे?

तीन जानेवारी, आठ मार्च, पंचवीस नोव्हेंबर या तारखा आपल्याला पाठ आहेत. २७ ऑक्टोबर ही तारीख मात्र आपल्यापैकी फार थोड्याजणींना ठाऊक असेल. युनेस्कोने २००५ मध्ये हा दिवस दृक्-श्राव्य वारशाचा जागतिक दिन म्हणून ठरवला. जुन्या तबकड्या, फिती, चित्रपट जपायला हवेत याची वर्षातून एकदा तरी आठवण व्हावी म्हणून. अमेरिकेत ध्वनिमुद्रणांच्या संग्राहकांची आणि अभ्यासकांची एक संघटना आहे. ती १९९१ पासून जुन्या ध्वनिमुद्रणांवरच्या उत्तम संशोधनाला पुरस्कार देते. आपल्याकडे या कामाला बहुतेक लोक अजून ‘छंद’ म्हणतात. पोस्टाची तिकिटे गोळा करतात, तशा तबकड्या.

हिंसाचाराच्या, पाण्याच्या, रेशनच्या प्रश्नांनी गळ्यापर्यंत आलेले असताना स्त्री-चळवळीच्या मासिकाने यावर संपादकीय का लिहावे, असे कुणी विचारील. आमच्या बैठकीतही हा प्रश्न आला, आणि तो विचारणारी कार्यकर्ती काही चुकीचे विचारत नव्हती. माझे उत्तर असे की आवाज जपणे हे काम दिसते तितके निरुपद्रवी नाही. कुणाचा आवाज ठेवायचा, त्यावर कुणाचे नाव लिहायचे आणि तो कुणाला ऐकू द्यायचा, हे कुणीतरी ठरवत असते. ठरवणारे कोण, हा आपला प्रश्न आहे.

सुरुवातीपासून पाहू. ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा फ्रेड गायसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला आला. ८ नोव्हेंबरला कंपनीने भारतात जे पहिले गाणे मुद्रित केले ते कुणा नामवंत उस्तादाचे नव्हते. शशिमुखी आणि फणिबाला या नाटक कंपनीतल्या दोन मुलींचे होते. एक चौदा वर्षांची, दुसरी सोळा. गायसबर्गने रोजनिशीत त्यांच्या आवाजांची एका वाक्यात वासलात लावली. या देशातल्या ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाचे पहिले पान हे असे आहे : दोन किशोरवयीन मुली कर्ण्यात तोंड घालून गातात आणि मुद्रण करणारा त्यांना नाके मुरडतो.

पुढच्या काही दिवसांतच गौहरजान आली. तिच्या तबकडीच्या शेवटी तिने इंग्रजीत ठणकावून आपले नाव सांगितले, हा किस्सा अनेकींनी ऐकला असेल. यामागे कारण साधे होते. मेणावर घेतलेले मुद्रण जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जाई आणि तिथे तबकड्या निघत. कलकत्त्यात कारखाना आला तो १९०८ मध्ये. हॅनोव्हरच्या माणसाला हा आवाज कुणाचा हे कळावे, म्हणून गाणाऱ्याने शेवटी नाव सांगायचे. म्हणजे सोय कारखान्याची. पण ज्या काळात घरंदाज बाईचे नाव चारचौघांत उच्चारणेही बरे समजत नसत, त्या काळात एक बाई अमक्याची मुलगी, तमक्याची पत्नी असे काही न जोडता फक्त स्वतःचे नाव सांगते, आणि ते सव्वाशे वर्षांनंतर जसेच्या तसे ऐकू येते. मला तिच्या गाण्याइतकेच हे मोलाचे वाटते.

तबकडीवरच्या कागदी चकतीने मात्र नावांची प्रतवारी लावली. पेशाने गाणाऱ्या बाईच्या नावामागे ‘बाई’ किंवा ‘जान’. बंगालमध्ये भद्र घरातली स्त्री गायली तर तिच्या नावापुढे कंसात ‘अॅमॅच्युअर’, म्हणजे ही पोटासाठी गात नाही, गैरसमज नको. पुढे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, सरदार पटेल नभोवाणी खात्याचे मंत्री असताना, ज्यांचे खाजगी आयुष्य बदनाम समजले जाई अशा गायिकांना रेडिओची दारे बंद झाली. ज्या बायकांच्या गळ्यावर ग्रामोफोनचा धंदा उभा राहिला त्यांनाच देशाच्या रेडिओने चारित्र्याचा दाखला मागितला. दाखला पुरुष गवयांकडे कितीजणांकडे मागितला गेला, हे विचारायला नको.

हे सगळे आपल्याला कळते ते कुणामुळे? तबकडीवरचे बारीक आकडे वाचत बसणाऱ्या माणसांमुळे. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय मुद्रणांची सूची केली आणि ती १९९४ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने छापली. दिसायला रुक्ष पुस्तक आहे. क्रमांक, गाण्याचे नाव, गाणाऱ्याचे नाव. पण शशिमुखी आणि फणिबाला आज आपल्याला नावानिशी माहीत आहेत त्या असल्या रुक्षपणामुळे. मुंबईत १९९० पासून जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची एक संस्था, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, काम करीत आली. डॉ. सुरेश चांदवणकर यांनी व्यवसायाने शास्त्रज्ञ असताना तिचे चिटणीसपद सांभाळले, नियतकालिक चालवले, गावोगाव तबकड्या ऐकवल्या. या कामाचा सन्मान व्हायला हवा, आणि तो आपणही करायला हवा.

एक टिपणी मात्र केल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे तबकड्यांचे संग्राहक बहुतेक सगळे पुरुष आहेत. याचा कानाशी संबंध नाही. चोर बाजारात तासन् तास उकिडवे बसून ढिगारा उपसायला मोकळा वेळ लागतो. पगारातले पैसे कुणाला न विचारता खर्चावे लागतात. आणि दोन खोल्यांच्या घरातली एक भिंत तबकड्यांनी अडवायची तर घर ‘आपले’ असावे लागते. तबकड्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या. पडली की फुटते, बुरशी धरते, पावसाळ्यात जपावी लागते. ती पुसून ठेवणारे हात घरात कुणाचे असतात, ते आपण जाणतो. सत्काराच्या वेळी त्या हातांना व्यासपीठावर बोलवायची पद्धत अजून पडलेली नाही.

आता ज्या कामाबद्दल मला खरे तर सविस्तर लिहायचे आहे त्याकडे येते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन इथलेच झालेले गी पॉइतवँ यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून, मुळशी-मावळच्या डोंगरातल्या बायकांबरोबर बसून, जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. ओव्या आपल्याकडे आधीही जमवल्या गेल्या होत्या. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे केलेले काम तर डोंगराएवढे आहे. पण छापील संग्रहात ओवी सहसा विषयवार लागते. सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, सीता. गाणारी ‘लोक’मध्ये विरघळून जाते. हेमाताईंच्या कामात प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदले गेले. शिवाय गोळा करणाऱ्या बायका बऱ्याचशा संघटनेतल्याच, त्याच डोंगरातल्या. बाहेरून आलेल्या विद्वानाने वही काढून ‘गा बाई’ म्हणायचे, असा तो प्रकार नव्हता. गाता गाता बायका बोलायला लागत. सीतेला वनात का धाडले यावर बोलता बोलता स्वतःच्या वनवासावर येत. मला तर हे आपल्या जाणीव-जागृतीच्या शिबिरांचेच थोरले भावंड वाटते, फक्त आपण नंतर आलो आणि फळा-खडू घेऊन आलो.

हे काम वाढत गेले. हजारावर गावांतून लाखाच्या वर ओव्या जमल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल या संगणक आणि संगीत दोन्ही जाणणाऱ्या अभ्यासकाने त्यांची संगणकावर सूची बांधली आणि शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रणही केले. त्याच्या प्रती हरियाणातल्या गुडगावला, १९८२ मध्ये सुरू झालेल्या लोकसंगीत-संशोधनाच्या अभिलेखागारात ठेवल्या. गी २००४ मध्ये गेले. पुढे हेमाताईही गेल्या. पण काम थांबले नाही. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने ते हाती घेतले आणि २०१७ च्या आठ मार्चपासून ओव्या लोकांपुढे यायला लागल्या, आवाजासकट, गाणारीच्या नावासकट. त्यांची माणसे वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा त्या गावांत गेली आणि गाणाऱ्या बायकांना शोधून काढले. काहीजणी हयात नव्हत्या. तिथे लेकीसुनांनी आईचा, सासूचा आवाज ऐकला.

ओवी कागदावरही वाचता येते, मग आवाज कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी यातले एखादे मुद्रण ऐकावे. जात्याची घरघर ऐकू येते. एकीचा दम संपतो तिथे दुसरी ओळ उचलते, ते कागदावर कसे उतरणार? ‘बाई’ हा शब्द कुठे आळवल्यासारखा येतो, कुठे नुसता श्वास घ्यायला. एखादी मध्येच हसते. नवऱ्याबद्दलच्या ओवीला हसली की भावाबद्दलच्या, यावरून पुष्कळ कळते. आणि हे सगळे वेळेत झाले म्हणून झाले. गावात पिठाची गिरणी आली की जाते कोपऱ्यात जाते. गिरणी आली ते चांगलेच झाले, पहाटे तीनला उठून दळण्यातून बायका सुटल्या. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एक पायली दळून दाखवावी. पण त्या अंधारातल्या दोन तासांत बाई जे मोकळेपणी बोलत होती त्याला दुसरी जागा मिळाली नाही, हेही तितकेच खरे.

या प्रकल्पाच्या पानांवर मला आवडलेली एक गोष्ट सांगते. ओव्यांच्या खाली इंग्रजी भाषांतर करणाऱ्या आशा ओगले यांचे नाव असते, आणि ओव्या संगणकात भरणाऱ्या रजनी खळदकर यांचेही नाव असते. लाखभर ओव्यांतली एकेक ओळ ऐकून-वाचून टंकित करणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच कळेल. पुरस्कार देणाऱ्यांच्या मानपत्रात हे काम सहसा ‘साहाय्य’ या एका शब्दात बसवतात.

आता आपल्या कपाटाकडे वळू. १९८० मध्ये मथुरेच्या खटल्यावरून आपण रस्त्यावर आलो, त्याच्या आसपास टेपरेकॉर्डर हे कार्यकर्तीच्या पिशवीतले हत्यार झाले होते. शिबिरातली गाणी, पथनाट्ये, परित्यक्तांच्या परिषदा, मोर्च्यातली भाषणे, धुण्याभांड्याचे काम करणाऱ्या बायकांच्या बैठका, सगळे आपण साठ-नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर घेतले. आमच्या कचेरीतल्या लोखंडी कपाटात अशा दीडशेच्या आसपास कॅसेट आहेत. तुमच्याकडेही असतील, नाहीतर एखादीच्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या अहवालांच्या खाली.

युनेस्कोने आणि ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये जगभर इशारा दिला होता की २०२५ च्या सुमारास चुंबकीय फितीवरचे मुद्रण वाजवून उतरवून घेणे अतिशय अवघड होईल. फीत तर खराब होतेच. तिच्यावरचा थर सुटतो, कोकणासारख्या दमट हवेत बुरशी धरते. पण त्याहून मोठी अडचण यंत्राची आहे. चांगला डेक मिळत नाही, मिळाला तर त्याचे भाग मिळत नाहीत, आणि तो दुरुस्त करणारे मिस्त्री म्हातारे झाले. कॅसेट शाबूत आणि आवाज मात्र कायमचा बंद, अशी वेळ आलेली आहे.

पैशाचा हिशेब काढून पाहिला. जपण्याजोग्या दर्जाचे मुद्रण उतरवले तर एका तासाला साधारण दोन जीबी जागा लागते. दीडशे कॅसेट नव्वद मिनिटांच्या धरल्या तरी सगळे साडेचारशे-पाचशे जीबीत बसते. म्हणजे एका छोट्या हार्ड डिस्कमध्ये, तीन प्रती काढायच्या तर तीन हार्ड डिस्कमध्ये. हा खर्च कुठलीही संघटना वर्गणी काढून करील. खर्च आहे तो माणसाच्या वेळेचा. तासाभराची कॅसेट उतरवायला तासच लागतो, तिला घाई कळत नाही. मग ती ऐकून कोण बोलते, कुठे, कशाबद्दल याची नोंद करायला तीन-चार तास. हे काम आपल्या संघटनांत नेहमीप्रमाणे एखादी तरुण मुलगी ‘जमेल तसे’ करील, असे धरले जाते. जमेल तसे म्हणजे फुकट. आम्ही ठरवले आहे की दोघीजणींना महिन्याचे मानधन देऊन हे काम करवायचे आणि सूचीवर त्यांचे नाव छापायचे. मानधन थोडे आहे, पण ते आहे.

बाहेर याचा एक वस्तुपाठ आहेच. डॉ. नीरा देसाई, डॉ. मैत्रेयी कृष्णराज आणि सी. एस. लक्ष्मी यांनी १९८८ मध्ये मुंबईत ‘स्पॅरो’ सुरू केले, ते बायकांचे आवाज आणि चित्रे जपण्यासाठीच. आणि ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या घरी जाऊन त्यांना बोलते केले नसते, तर ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे १९८९ चे पुस्तक झाले नसते आणि त्या बायका कुणाच्या तरी सभेतला ‘महिलांची लक्षणीय उपस्थिती’ एवढाच मजकूर होऊन राहिल्या असत्या.

इथपर्यंत सोपे आहे. नाव लिहा, आवाज जपा. पण आमच्या कपाटातल्या एका कॅसेटने आम्हाला महिनाभर झोपू दिले नाही.

शिबिराची कॅसेट. पहिल्या बाजूला एक बाई आपली हकिगत सांगते. नवऱ्याने काय केले, सासऱ्याने काय केले, पोलिसांनी कसे परत पाठवले. कॅसेटवर नाव नाही. त्या काळी अशा कॅसेटवर नाव मुद्दामच लिहीत नसत, कारण ती कुणाच्या हाती लागली तर त्या बाईला घरी परत जाऊन तिथेच राहायचे होते. हकिगत संपताना ती म्हणते, हे तुमच्यातच ठेवा. दुसऱ्या बाजूला रात्रीची गाणी आहेत आणि त्यात तीच बाई गाते, इतकी रंगून की बाकीच्या टाळ्या वाजवायच्या विसरतात. आता ती हयात नाही. तिच्या लेकीला कुठूनसे कळले की आई तुमच्या शिबिरात बोलली होती. ती आली आणि म्हणाली, माझ्याकडे आईचा एक फोटो आहे, आवाज नाही.

आमच्यात दोन मते पडली. एकीचे म्हणणे, बाईने शब्द घेतला होता, तो तिच्या मरणाने संपत नाही. दुसरीचे म्हणणे, ती सासरच्यांना घाबरून म्हणाली होती, लेकीला नव्हे. आणि आपण इतिहास जपतो म्हणायचे आणि तिच्या स्वतःच्या मुलीला दार बंद करायचे, हा कुठला न्याय? दोन्ही बाजूंनी डोळ्यांत पाणी आले, आवाज चढले. शेवटी आम्ही लेकीला दुसरी बाजू उतरवून दिली, गाण्यांची. पहिली बाजू उतरवून, कुलूपबंद ठेवली. ती आहे हे लेकीला सांगितले, आईने काय म्हटले होते तेही सांगितले. ती म्हणाली, मग राहू दे. आमच्यातल्या दुसऱ्या मताच्या मैत्रिणीला हा निर्णय आजही पटलेला नाही आणि तिचे पत्र आम्ही पुढच्या अंकात छापणार आहोत. माझे मत पहिल्या बाजूने आहे. बाईचा आवाज ही तिची मालमत्ता आहे, आणि तिच्या नावावर आयुष्यात दुसरी काही मालमत्ता नव्हती.

या संदर्भात मला केसरबाई केरकरांची आठवण होते. गोव्यातल्या केरीच्या कलावंत घराण्यातली ही बाई. आपले गाणे कुणी उचलू नये म्हणून तिने ध्वनिमुद्रण मोजकेच करू दिले. रसिक आजही हळहळतात. पण नाही म्हणण्याचा तो हक्क तिने स्वतः कमावलेला होता. त्या मोजक्यांतली भैरवीची साडेतीन मिनिटांची तबकडी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. ती निवडणाऱ्यांपैकी अॅन ड्रुयन यांनी सांगितले आहे की तबकडी मिळता मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, खोक्यात पडलेल्या प्रती सापडल्या. ते खोके कुणी रद्दीत घातले असते तर पृथ्वीच्या वतीने जाणाऱ्या त्या संग्रहात आपल्या देशाचा तो आवाज नसता.

तेव्हा तुमच्या ट्रंका उघडा. कॅसेट मिळाली की लगेच जुन्या टेपमध्ये घालून वाजवू नका. फीत अडकली तर तुटेल. मागच्या बाजूच्या दोन चिमुकल्या पट्ट्या आधी मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. बुरशी दिसली तर वेगळ्या पिशवीत ठेवा. पेन्सिल घालून फीत गुंडाळायची आपली जुनी कला इथे उपयोगी आहे, पण हलक्या हाताने. वेष्टनावर जे काही लिहिले असेल, अर्धवट असले तरी, ते तसेच राहू द्या. आणि त्या शिबिराला, त्या मोर्च्याला हजर असलेली कुणी मैत्रीण जवळपास असेल तर कॅसेटच्या आधी तिला गाठा, शेजारी बसून विचारा की कोण कोण होते. कोण बोलले, आणि कुणी आपले नाव लिहू नका म्हटले होते. कॅसेट पोस्टाने पाठवू नका. पुढच्या राज्यव्यापी बैठकीला येणाऱ्या मैत्रिणीच्या हाती द्या, प्लास्टिकच्या पिशवीत न बांधता कापडात गुंडाळून. बैठकीच्या दोन दिवस आधी आमच्या दोघी नोंद करायला बसतील. एक वही गाणाऱ्यांच्या नावांची असेल. दुसऱ्या वहीत ज्यांना नाव नको होते त्यांच्या अटी, त्यांच्याच शब्दांत लिहिल्या जातील.

तुमची,
संपादक